वोब्बेच्या संडासातलं कॅलेंडर

आमच्या सरकारवर साठ कोटी युरोंचा दावा लागला, तेव्हा सरकारच्या बाजूचा सगळ्यात जुना पुरावा एका म्हाताऱ्याच्या संडासात खिळ्याला टांगलेला होता. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. त्या पुराव्याची तपासणी मीच केली, आणि माझ्या अहवालात ‘मूळ ठिकाण’ या रकान्यात तसंच लिहिलं आहे: तळमजला, संडास, बसल्यावर समोर येणारी भिंत, जमिनीपासून एकशे बारा सेंटिमीटर.

मी हिस्के टोल्समा. उत्तरेकडच्या पाणी मंडळात जमीन किती खचते ते मोजते. मिलिमीटरमध्ये. समारंभात कोणी विचारलं, काय करतेस, आणि मी हे सांगितलं, की पुढचा प्रश्न येत नाही. मला ते बरं पडतं.

दावा लावणाऱ्या कंपनीचं नाव केल्डरॉक. ती मूळची कुठली, हे विचारण्यात अर्थ नाही. ती सोयीप्रमाणे कुठलीही असते. दाव्यापुरती ती ज्या देशाची झाली होती, त्या देशाशी आमचा गुंतवणूक-संरक्षणाचा करार आहे. त्या देशात तिचं कार्यालय आहे, म्हणजे एक टपालपेटी आहे. यावर आम्हाला फार बोलता येत नव्हतं. टपालपेटीत कंपनी थाटून दुसऱ्या देशांवर दावे ठोकायची कला जगाने आमच्याच ॲम्स्टरडॅममध्ये घोटवली. तिथे एकेका इमारतीत शेकडो कंपन्या नांदतात आणि दुपारी जेवायला एकही माणूस खाली उतरत नाही. आता आमच्याच दारात कोणीतरी तशी पेटी घेऊन उभा होता, इतकंच.

टेरविस्प गावाखाली अडीच किलोमीटरवर मीठ आहे. वरून पाणी सोडायचं, मीठ विरघळलं की ते खारं पाणी वर ओढायचं. खाली पोकळी राहते. ती सावकाश मिटत जाते, आणि तिच्यावरचं सगळं, म्हणजे चर्च, शाळा, सायकलींचं दुकान, सावकाश खाली बसतं. आवाज नाही, धक्का नाही. गाव बशीत ठेवल्यासारखं असतं आणि बशी खोल होत जाते. आधीच समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्यांना यात फारशी गंमत वाटत नाही.

केल्डरॉकने ही खाण सप्टेंबर २००९ मध्ये गावातल्या एका कारखान्याकडून विकत घेतली. २०१८ पर्यंत गाव सव्वीस सेंटिमीटर खचलं, आणि सरकारने परवाना रद्द केला. कंपनी कोर्टात गेली नाही. कोर्ट तुमच्या-आमच्यासाठी असतं. तिने करारातलं कलम काढलं आणि हेगमध्ये तीन पंचांसमोर प्रकरण नेलं. एक पंच तिचा, एक सरकारचा, तिसरा दोघांनी मिळून निवडलेला. मागणी अशी की २०४१ पर्यंत जे मीठ आम्ही काढणार होतो, त्याचा नफा द्या. न काढलेल्या मिठाचा.

सगळा दावा एका वाक्यावर उभा होता: खाण घेताना गाव खचतं आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, ठाऊक होण्याची सोयही नव्हती, कारण सरकारच्याच तेव्हाच्या नोंदींत गाव एक मिलिमीटरही खचलेलं नाही. वाक्याचा शेवटचा भाग खरा होता. त्याला कारण मी.

टेरविस्पच्या कालव्याचं पाणी पंप लावून कायम एकाच पातळीला ठेवलेलं असतं. पंपघराच्या धक्क्यावर पाणी मोजायची पट्टी आहे, लोखंडी, पांढरी, चार स्क्रूंनी बसवलेली. गाव खचलं की धक्का खचतो, धक्क्याबरोबर पट्टी, आणि पट्टीवर पाणी चढलेलं दिसतं. दर डिसेंबरात मंडळाचा माणूस मुख्य पंपावरच्या यंत्राशी आकडा ताडून बघायचा. आकडा जुळला नाही तर काय करायचं? आमच्या देशात पाण्याची पातळी चुकू शकते असं कोणाच्या मनातही येत नाही. ती पातळी राखायला आठशे वर्षं आमच्याकडे पाणी मंडळांच्या निवडणुका चालू आहेत. जमीन चुकू शकते हे त्याहून मनात येत नाही. मग उरली पट्टी. स्क्रू ढिले करायचे, पट्टी वर सरकवायची, आकडा जुळवायचा, वहीत ‘दुरुस्त’ लिहून सही करायची. किती सरकवली, याला रकाना नव्हता.

२००८ ते २०१२ ही पाच वर्षं तो माणूस मी होते. पदवी ताजी होती, हात अगदी स्थिर होता.

वोब्बे हा त्या पंपघराचा निवृत्त राखणदार. आता ऐंशीच्या पुढे आहे, पंपघराला लागून असलेल्या घरात एकटा राहतो. दोन वर्षांपूर्वी जुन्या नोंदींच्या शोधात मी त्याच्याकडे गेले. त्याने कॉफी ओतली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

“वोब्बेकाका, २००९ च्या आसपासच्या काही नोंदी आहेत का तुमच्याकडे?”

“होत्या. तुमच्या मंडळाने नेल्या. व्यवस्थित ठेवतो म्हणाले. म्हणजे गेल्या.”

“खासगी काही? डायरी वगैरे?”

“मी काय सोळा वर्षांची पोरगी आहे डायरी लिहायला?” त्याने डबा फळीवर ठेवला. “तूच ना ती, डिसेंबरात येऊन पट्टी वर ढकलायचीस?”

“हो.”

“मी आन्टसेला म्हणायचो, ही पोरगी फार नीटनेटकी आहे. चुकीचं काम किती नीट करते बघ.” आन्टसे त्याची बायको. तिला जाऊन तेरा वर्षं झाली. “संडासात जा.”

“मला नाही जायचं, काका.”

“अगं, तुझ्यासाठी नाही. कॅलेंडर बघ.”

संडासाला एक हातभर खिडकी होती, आणि ती उघडली की दोन मीटरवर धक्क्यावरची पट्टी सरळ समोर दिसत होती. भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर, दोरीला बांधलेली पेन्सिल. वर्षभर, वारा नसेल त्या सकाळी, वोब्बेने बसल्या जागेवरून पट्टी वाचली होती आणि तारखेपुढे आकडा टिपला होता. जानेवारीत एकसष्ट, डिसेंबरात चौसष्ट. तीन सेंटिमीटर, बारा महिन्यांत.

“एकच वर्ष का लिहिलंत?”

“आन्टसेने पेन्सिल कापून नेली. म्हणाली, माझ्या बहिणीच्या नावावर तू पाणी चढवतोस.”

“कुठलं वर्ष?”

“ती गेली त्याच्या दोन वर्षं आधी.” मग तो म्हणाला, “की एक? नाही, दोन. दोनच असणार.”

आन्टसे २०११ मध्ये गेली. दोन वर्षं आधी म्हणजे २००९, खाण विकली जाण्याच्या आधीचे महिने. एक वर्ष आधी म्हणजे २०१०, आणि मग हे कॅलेंडर फक्त संडासाच्या भिंतीला शोभा देणार. कॅलेंडरवर वर्ष नव्हतं. वाढदिवसाच्या कॅलेंडरवर ते नसतंच; दरवर्षी तेच चालतं, पानं उलटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या देशात पातळी मोजणाऱ्या माणसाने आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची मोजणी अशा एकमेव कागदावर करून ठेवली होती, ज्यावर कोणतंही वर्ष बसतं.

मी आकडे उतरवून घेतले. नावं वाचली नाहीत. वाढदिवस हा माझा विषय नव्हता.

हेगमधली सुनावणी गेल्या जूनमध्ये झाली. पहिल्या दिवशी कंपनीचा साक्षीदार उभा राहिला. डॉक्टर टेर होर्स्ट, चौसष्ट वर्षांचे, भूमापनातलं मोठं नाव, खाण घेण्याआधी कंपनीसाठी गावाची पाहणी करणारे हेच. ताठ बसत, थोडं बोलत. त्यांची मोजमापं मी विद्यार्थिदशेत अभ्यासली होती. ते म्हणाले, “खरेदीआधी मी फक्त कारखान्यात गेलो. पंपघरात कधीही नाही. जमीन खचल्याचा एकही आकडा माझ्या पाहण्यात आला नाही.”

दुपारी सरकारी वकील क्विराइन मला मागच्या जिन्यात भेटला. तो गोड माणूस आहे, पण चिंतेत असला की टायशी खेळतो, आणि तेव्हा टाय कानापर्यंत आला होता.

“हिस्के, तुला एक सांगतो, सांगायला नको खरं तर. मंत्रालयाने तडजोडीचा मसुदा करून ठेवलाय.”

“पैसे देणार?”

“पैसे कोण देतंय! परवाना देणार. २०४१ पर्यंत. त्यांनी दावा मागे घ्यायचा, आपण खाण उघडायची. साठ कोटी नाहीत द्यायला, पण टेरविस्प आहे.”

“पंचांनी खाण उघडा असं सांगितलंय?”

“पंच फक्त पैशांचं सांगू शकतात. खाण उघडायची अक्कल आपली स्वतःची.” त्याने टाय सोडला. “या आठवड्यात आपली बाजू पडली, तर सोमवारी सही. तुझं ते संडासाचं कॅलेंडर उभं राहिलं पाहिजे.”

“त्यावर वर्ष नाही, क्विराइन.”

“मला माहीत आहे त्यावर वर्ष नाही! रात्री झोपेतसुद्धा मला माहीत असतं त्यावर वर्ष नाही!”

मी मनात हिशेब केला. २०४१ पर्यंत अठरा वर्षं, वर्षाला तीन सेंटिमीटर. चर्चच्या पायरीवरून बदकं पोहत आत गेली असती.

दुसऱ्या दिवशी माझी उलटतपासणी. कंपनीच्या वकीलबाई पेनहॅलो लंडनहून आल्या होत्या. आवाज मऊ, चष्मा साखळीला. त्यांनी पडद्यावर माझी वही लावली.

“मिस टोल्समा, ही सही आपली?”

“हो.”

“‘दुरुस्त.’ काय दुरुस्त केलंत?”

“पट्टी.”

“म्हणजे पट्टी बिघडली होती.”

“नाही.”

“मग काय बिघडलं होतं?”

“गाव.”

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. “आणि हे आपल्याला पाच वर्षांत एकदाही लक्षात आलं नाही?”

“नाही.”

“आपण यातल्या तज्ज्ञ आहात ना?”

“तेव्हा नव्हते. तेव्हा माझ्याकडे फक्त स्क्रूड्रायव्हर होता.”

मग त्यांनी कॅलेंडर लावलं. “यावर वर्ष कुठे आहे?”

“नाही.”

“कॅलेंडर आहे, आणि त्यावर वर्ष नाही.”

मधल्या खुर्चीवरचे अध्यक्ष, माँतेव्हिदेओचे म्हातारे प्राध्यापक इरिगोएन, पुढे झुकले. “मला एक शंका आहे. वाढदिवसांचं कॅलेंडर, ठीक. पण ते संडासात का?”

“आमच्याकडे सगळ्यांच्याच संडासात असतं, सर. माणूस तिथे रोज जातो आणि तिथे त्याला दुसरं काही वाचायला नसतं. वाढदिवस विसरला जात नाही.”

“आणि पाहुणे?”

“पाहुणे दुसऱ्यांचे वाढदिवस वाचतात. काही जण स्वतःचाही लिहून ठेवतात. म्हणजे पुढच्या वर्षी शुभेच्छा येतात.”

“उत्तम व्यवस्था आहे,” अध्यक्ष म्हणाले आणि काहीतरी टिपून घेतलं. मला वाटतं, घरी करून बघायला.

पेनहॅलोबाईंना हे आवडलं नसावं. त्यांनी पुढचं पान मोठं केलं. पानभर आकडे होते आणि आकड्यांच्या शेजारी जाड काळे पट्टे.

“हे काय?”

“नावं झाकली आहेत. जन्मतारीख ही खासगी माहिती आहे. मंत्रालयाच्या गोपनीयता अधिकाऱ्याने झाकली.”

“वोब्बे यांच्या मेहुणीच्या वाढदिवसाचं सरकारने संरक्षण केलं?”

“हो.”

“आणि या पट्ट्यांखाली एखादं वर्ष लिहिलेलं असू शकतं?”

“असू शकतं.”

“२०१०, उदाहरणार्थ?”

“असू शकतं.”

क्विराइनने डोळे मिटले. बाई पंचांकडे वळल्या. “सरकारला साठ कोटींचा दावा या कागदावर फेटाळून हवा आहे, आणि कागदाचा अर्धा भाग सरकारनेच काळा केलाय. आम्हाला मूळ कॅलेंडर बघायचं आहे. पट्टे नसलेलं. उद्याच.”

त्यांच्या मागे बसलेल्या टेर होर्स्टनी पुढे होऊन त्यांच्या बाहीला हात लावला. बाईंनी माशी झटकावी तसा तो झटकला.

“मंजूर,” अध्यक्ष म्हणाले.

साक्ष अर्धवट असताना साक्षीदाराने प्रकरणाबद्दल कोणाशीही बोलायचं नसतं, स्वतःच्या वकिलाशीही नाही. त्यामुळे संध्याकाळी मी समुद्राच्या बाजूला चालत गेले, कांदा घातलेला हेरिंग मासा उभ्याने खाल्ला आणि परत आले. वाटेत क्विराइन समोरून आला. आम्ही घटस्फोट झालेल्या जोडप्यासारखे एकमेकांकडे न बघता गेलो.

पंचांच्या कचेरीने वोब्बेला फोन केला होता. सकाळी तो पहिल्या गाडीने निघाला आणि दहाला पाच कमी असताना दालनात शिरला, अंगात चर्चला जायचा कोट, हातात चीजच्या दुकानाची पिशवी. पिशवीत कॅलेंडर.

“हे घ्या. परत कधी मिळेल?”

“प्रकरण संपल्यावर,” कारकून बाई म्हणाली.

“ते किती दिवसांत?”

“साधारण वर्षभर.”

“अहो बाई, शनिवारी मेहुणीचा वाढदिवस आहे! तो एकदा विसरलो होतो तर सहा वर्षं बोलली नाही.” मग जरा विचार करून, “तशी घाई नाही म्हणा.”

अध्यक्षांनी त्याला मागे बसायची परवानगी दिली. कॅलेंडर कॅमेऱ्याखाली ठेवलं गेलं. कारकून बाई हातमोजे घालून एकेक पान उलटत होती. जानेवारी. आन्टसेच्या गोल अक्षरात नावं, वोब्बेच्या पेन्सिलीत आकडे. फेब्रुवारी. मार्च. कुठेच वर्ष नाही. पेनहॅलोबाईंचा चेहरा पानागणिक शांत होत होता. एप्रिल.

मे.

चौदा मेच्या ओळीवर पेन्सिलीने ६२½ होतं. तिथे दोन आकडे आहेत, दुसरा वेगळ्या हातचा, हे मी अहवालाच्या तळटीपेत लिहिलंही होतं. त्या हाताचं नाव मात्र पट्ट्याखाली गेलं होतं. आता पट्टा नव्हता. निळ्या शाईत, बारीक, तिरप्या, नकाशावर खुणा करणाऱ्या माणसाच्या अक्षरात लिहिलं होतं: “मारनिक्स. अब्राहम! आणि ६२½ नव्हे, ६२.७.” शेजारी आन्टसेने एक दाढीवाला काढला होता.

मी टेर होर्स्टकडे पाहिलं. त्यांच्या समोरच्या पाटीवर पूर्ण नाव होतं. डॉ. मारनिक्स टेर होर्स्ट.

“मिस टोल्समा,” अध्यक्ष म्हणाले, “हा अब्राहम कोण?”

“कोणी नाही, सर. आमच्याकडे माणूस पन्नास वर्षांचा झाला की त्याने अब्राहम पाहिला असं म्हणतात. अंगणात जुन्या कपड्यांचा म्हातारा करून बसवतात, सगळ्या गल्लीला कळावं म्हणून. साठाव्या वर्षी नाही, एकोणपन्नासाव्या नाही. फक्त पन्नासाव्या.”

“आणि बायकांनी कोणाला बघायचं?”

“साराला.”

“म्हणजे चौदा मे रोजी पन्नास वर्षांचा झालेला कोणी मारनिक्स.”

“हो.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. प्रत्येक साक्षीदाराच्या निवेदनात पहिल्या ओळीत जन्मतारीख असते, आणि तिथे काळा पट्टा मारायचं कोणाला सुचलं नव्हतं. दालनात कागद उलटल्याचा आवाज झाला, तिन्ही पंचांचा एकदमच. चौदा मे एकोणीसशे एकोणसाठ. बेरीज अध्यक्षांनी ओठ हलवत केली.

“दोन हजार नऊ,” ते म्हणाले. “खरेदीच्या चार महिने आधी.”

पेनहॅलोबाई उभ्या राहिल्या. शाबासकी द्यायला हवी. मी असते तर बसूनच राहिले असते. “मारनिक्स नावाचे या देशात हजारो लोक आहेत. कोणी पाहुणा, कोणी शेजारी. आणि हा आकडा पाहा. बासष्ट पॉइंट सात! संडासात बसून, खिडकीतून, दोन मीटरवरची पट्टी, आणि मिलिमीटरपर्यंत? हे मोजमाप नाही, हा कोणातरी हौशी माणसाचा अंदाज आहे. शास्त्रीयदृष्ट्या याची किंमत शून्य.”

“अंदाज नाही,” टेर होर्स्ट म्हणाले.

ते हळूच म्हणाले, स्वतःशीच. पण समोरचा माइक चालू होता.

बाई वळल्या. “डॉक्टर, आपल्याला विचारलेलं नाही.”

“वारा नव्हता,” ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “पाणी आरशासारखं होतं. माझ्या खिशात दुर्बीण होती. साडेबासष्ट चूकच होतं, पट्टीची रेघ जाड आहे आणि त्यांनी वरच्या कडेला वाचलं. खालच्या कडेला वाचायचं असतं.”

मागून वोब्बे म्हणाला, “माझी तीस वर्षं गेली त्या पट्टीवर. वरच्या कडेलाच वाचतात.”

“खालच्या.”

“मग तुम्ही कशाला आलात माझ्या संडासात? स्वतःच्या घरी वाचायचं होतं.”

“आपल्या पत्नीने केक दिला होता,” टेर होर्स्ट म्हणाले. “वाढदिवस आहे म्हटल्यावर. सफरचंदाचा. दोन तुकडे.”

“दोन?” वोब्बे म्हणाला. “मला एकच द्यायची.”

अध्यक्षांनी हात वर केला. वोब्बे खाली बसला. “डॉक्टर टेर होर्स्ट, परवा आपण म्हणालात, पंपघराकडे कधी गेलो नाही, आकडा पाहिला नाही.”

“परवा मला हा आकडा दाखवला नव्हता. काळा पट्टा दाखवला होता.”

“आपण फक्त हेच पान पाहिलंत का?”

ते म्हणाले, “मागची चारही पाहिली. जानेवारीपर्यंत.” मग म्हणाले, “बसलेलाच होतो.”

“आणि त्यावरून आपल्याला काय समजलं?”

“कोणालाही समजलं असतं,” टेर होर्स्ट म्हणाले. “गाव खाली जातंय.”

पेनहॅलोबाईंनी मध्यंतर मागितलं.

मी टेर होर्स्टना हसले नाही, हे नोंदवून ठेवते. क्विराइन जिन्यात हसून हसून कोसळायच्या बेतात होता. मी त्याला कठड्याला धरायला सांगितलं. चौदा वर्षं तो माणूस खाल्ल्या मिठाला जागला होता, आणि दोन मिलिमीटरांसाठी सुटला. त्या खुर्चीत मी असते आणि माझ्या ६२.७ ला कोणी अंदाज म्हटलं असतं, तर मीही गप्प बसले नसते. फक्त, मी पाच वर्षं पट्टी सरकवली तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ठाऊक होतं. हा फरक मला मोठा वाटायला हवा. बहुतेक दिवशी वाटतो.

तीन आठवड्यांनी केल्डरॉकने दावा मागे घेतला. पत्रकात लिहिलं होतं की सरकारशी असलेले मैत्रीचे संबंध लक्षात घेऊन. परवान्याचा मसुदा क्विराइनने माझ्यासमोर कागद कापायच्या यंत्रात घातला. त्याच्या पट्ट्या निघाल्या, अगदी पांढऱ्या. गोपनीयता अधिकाऱ्याला बढती मिळाली. कशाबद्दल, ते गोपनीय आहे.

यंदाच्या जूनमध्ये मी टेरविस्पला गेले. वोब्बेने कॉफी ओतली, बिस्किट दिलं, डबा उघडाच ठेवला. कॅलेंडर परत त्याच खिळ्यावर होतं. कोपऱ्यात पुराव्याचा नंबर चिकटवलेला, तो त्याने काढला नव्हता.

“त्या तुझ्या डॉक्टरला कार्ड पाठवलं मेमध्ये,” तो म्हणाला.

“टेर होर्स्टना? काका!”

“नाव कॅलेंडरवर आहे ना? मग पाठवायचं. आन्टसेचा नियम.”

“काय लिहिलंत?”

“शुभेच्छा. आणि पट्टी वरच्या कडेला वाचतात.”

“काही उत्तर?”

“आलं ना. एकच शब्द. ‘खालच्या.’”

मी संडासात गेले. यावेळी मला खरंच जायचं होतं. समोर जूनचं पान होतं, आणि दोरीला नवी पेन्सिल. हात आपोआप गेला. कोपऱ्यात, अगदी बारीक, मी २००९ लिहिलं. मोजमापाला वर्ष नसणं मला सहन होत नाही.

“एवढा वेळ काय करतेस आत?” वोब्बेने बाहेरून विचारलं. मी सांगितलं. दार उघडताच तो खोडरबर घेऊन आत आला.

“अगं वेडे, वर्ष घातलंस तर पुढच्या वर्षी चालेल का हे?” त्याने खोडलं, फुंकर मारली, आणि पान सरळ केलं.

मी खिडकीतून पट्टी पाहिली. वारा नव्हता. खाण बंद झाल्यापासून पट्टीचे स्क्रू कोणी हलवलेले नाहीत. चौसष्ट. मागच्या जूनमध्येही चौसष्टच होतं. मी आधी वरच्या कडेला वाचलं, मग खालच्या.